घुमणारा पंचम

वाद्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सतार येते, सारंगी येते, फार तर दिवाणखान्यातला तंबोरा येतो. बेंजो मात्र कोणाच्याच डोळ्यांपुढे येत नाही. तो कानावर पडतो तो रस्त्यावरून जाणाऱ्या वरातीतून, कव्वालीच्या पार्टीतून, नाहीतर आमच्या वऱ्हाडातल्या एखाद्या भजनी मंडळातून. डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणे दाबायची आणि उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या, असे हे साधेसुधे वाद्य. त्याचा त्या अमेरिकन गोल बँजोशी नात्यागोत्याचाही संबंध नाही. १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या माणसाने 'ताइशोगोतो' हे बटणांचे तंतुवाद्य तयार केले. तेच पुढे आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झाले आणि लोकांच्या तोंडी बेंजो झाले. २०१६ साली या नावाचा हिंदी चित्रपटही निघाला. पण संगीताच्या पुस्तकात बेंजोला आजही ओसरीवरच बसावे लागते.

असाच एक बेंजो अचलपुरात आमच्या घरी आहे. तो माझ्या आजोबांचा. आम्ही त्यांना आबाजी म्हणतो. एका वर्षी कापूस बरा पिकला तेव्हा त्यांनी तो अमरावतीहून आणला, असे आजी सांगायची. तेव्हा तो साधा होता. पुढे मंडळात पेटी, तबला, टाळ आणि खंजेरी यांच्या गलबल्यात त्याचा आवाज बुडू लागला, म्हणून आबाजींनी त्याला पिकअप बसवून घेतला आणि सोबत एक लहानसे 'मशीन', म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर घेतला. तेव्हापासून बेंजो, मशीन आणि आबाजी ही त्रिमूर्ती पथ्रोटपासून बहिरमच्या यात्रेपर्यंत सगळीकडे फिरून आली.

या त्रिमूर्तीच्या सोबतीला एक चौथाही होता. मशीनचे बटण दाबले, की पहिला स्वर लागण्याआधीच एक बारीक, संथ, न थांबणारी घूं... ऐकू येई. माळ्यावर भुंग्याने पोळे केले आहे की काय, असे नवख्याला वाटावे. मी लहानपणी आबाजींना विचारले होते, "हे काय वाजते?" आबाजी हसले आणि म्हणाले, "थो तंबोरा हाये बाप्पू. इजेचा तंबोरा. फुकटात भेटला."

मला ते खरेच वाटले. आबाजी आधी डोळे मिटून ती घूं ऐकत, मान डोलावत, आणि मग खुंट्या पिळून तारा लावत. पेटीवाले काकाजी मात्र दर वेळी कुरकुरत, "तुमचा बेंजो पुन्हा चढाच लागला पाहा." आबाजींचे उत्तर ठरलेले असे, "मावा बेंजो बरोबर हाये. तुमची पेटी उतरली." हा वाद मी जन्मापासून ऐकत आलो. तो कधी मिटेल असे कोणालाच वाटत नव्हते आणि तो मिटावा अशी कोणाची इच्छाही नसावी.

आता आबाजींची बोटे आखडली आहेत. बेंजो माझ्याकडे आला आहे. गेल्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाने भावगीतांचा एक कार्यक्रम बसवला. साथीला काहीतरी वेगळे हवे म्हणून मित्रांनी माझ्या बेंजोची आठवण काढली आणि मी मोठ्या अभिमानाने बेंजो व मशीन घेऊन तालमीला गेलो. मशीनमधून एक वायर काढून सभागृहाच्या मोठ्या मिक्सरला जोडली. बटण दाबले, आणि मित्रहो, काय सांगू! घरी जो भुंगा होता तो तिथे एकदम पिठाची गिरणी झाला. खिडकीच्या काचा थरथरू लागल्या. आमचा गाणारा मित्र काळी एकमध्ये गातो. त्याने षड्ज लावला मात्र, आणि त्या घूंने त्याचा षड्ज असा काही विस्कटून टाकला की बिचाऱ्याने दोनदा गळा साफ केला आणि तिसऱ्यांदा गाणेच थांबवले. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडले, "अबे, थ्रेशर बंद करा!" सगळे हसले.

मीही हसलो. पण खरे सांगायचे तर मला त्या क्षणी बेंजोची लाज वाटली. आणि त्याहून खरे सांगायचे तर आबाजींचीही वाटली. इतकी वर्षे हा माणूस बिघडलेल्या यंत्राला तंबोरा म्हणत होता आणि आम्ही सगळे माना डोलावत होतो! घरी गेल्यावर त्यांनी विचारले, "कसा वाजला?" मी तुटकपणे म्हणालो, "तुमच्या तंबोऱ्याने नाक कापले." ते काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी एका जाणत्याने उपाय सांगितला. अशा घरघरीवर जालीम उपाय एकच, मशीनच्या प्लगची जाड तिसरी पिन काढून टाकायची. मी पकडीने पिन तोडली, प्लग लावला, आणि चमत्कार झाला. गिरणी थांबली. थोडीशी गुणगुण राहिली, पण ती लोकांच्या गर्दीत कोणाला ऐकू जाणार? मित्रांनी पाठ थोपटली. तोडलेली ती पितळी पिन मी खिशात घातली आणि विजयी वीरासारखा घरी आलो.

पुढचे लिहिताना हात थोडा अडखळतो. त्या रविवारी सकाळी मी ओसरीवर सराव करत होतो. पाणी भरण्यासाठी उठलो. आबाजी नुकतेच न्हाणीतून आंघोळ करून येत होते. पाय ओले, फरशी ओली. समोर बेंजो दिसला, मशीन चालू होते. कितीतरी दिवसांनी त्यांना मोह झाला असावा. ते वाकले आणि त्यांनी तारांवर सगळा पंजा ठेवला.

मला फक्त आवाज ऐकू आला. धावत आलो तर आबाजी भिंतीला टेकून बसले होते, बेंजो पायरीवरून खाली पडला होता आणि त्याची दोन बटणे तुटून अंगणात उडाली होती. आबाजींचा हात कोपरापर्यंत थरथरत होता. मी वेड्यासारखा प्लग ओढून काढला. डॉक्टरांनी येऊन तपासले. नाडी ठीक होती, दैव बलवत्तर होते. ओठांना थोडा रंग आल्यावर आबाजी काय म्हणाले असतील? म्हणाले, "बेंजो फुटला का रे?"

माझ्या खिशात ती पिन होती. मी ती कोणाला दाखवली नाही. दोन दिवस मी नीट जेवलोही नाही. तिसऱ्या दिवशी मशीन आणि बेंजो सायकलच्या कॅरियरला बांधले आणि परतवाड्याला एका म्हाताऱ्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यांनी प्लगकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

"पिन कोणं तोडली?"

"मी, काकाजी."

"काहून?"

"घुमत होतं म्हणून."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पोरगं रडते म्हणून त्याचं तोंड दाबतेत का? काहून रडते थे पाहा लागते."

रागावणे एवढेच. मग त्यांनी मला समोर बसवले आणि घूं कुठून येते ते शोधायला शिकवले. मी कला शाखेचा विद्यार्थी. विजेचे माझे ज्ञान बटण दाबण्यापुरते. पण त्या दुपारी जे समजले ते माझ्यासारख्या इतरांनाही समजावे म्हणून सांगतो.

त्यांचा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ऐकायचे. आधी त्यांनी स्वतः प्लगला नवी तिसरी पिन लावली. त्याशिवाय मशीनला हात लावू दिला नाही. मग बेंजोची वायर पूर्ण काढून मशीनचा आवाज शून्यावर आणला. तरी घूं होतीच. म्हणजे ती बेंजोची नव्हेच, मशीनच्या पोटातली. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. मशीनला सरळ वाहणारी वीज लागते, म्हणून आत ती सरळ केली जाते. पण सरळ केलेली वीज सेकंदाला १०० हिसक्यांनी येते. ते हिसके पोटात घेऊन सपाट धार सोडण्याचे काम कंडेन्सर करतो; नळाला पाणी थांबत थांबत येत असले तरी टाकीमुळे घरात धार एकसारखी राहते, तसे. आमचा कंडेन्सर वर्षानुवर्षांच्या उन्हाळ्यांनी आतून सुकला होता. टाकीच आटली होती. त्यामुळे ते १०० हिसके थेट स्पीकरमध्ये येऊन घुमत होते. (मशीन बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते, तेव्हा कोणी घरी उघडून बोट घालू नये, असे काकाजींनी दोनदा बजावले.)

मग बेंजोची वायर लावली आणि मला म्हणाले, "घे हातात आन् गोल फीर." मी बेंजो छातीशी धरून त्या अरुंद दुकानात फेर धरला. चमत्कारिक गोष्ट ही की एका दिशेला तोंड केले की घूं वाढे आणि दुसऱ्या दिशेला जवळजवळ नाहीशी होई. काकाजींनी वरच्या ट्यूबलाइटकडे बोट दाखवले आणि ती बंद केली. वाढलेली घूं कमी झाली. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांमध्ये वीज उपजते. १८३१ साली फॅरेडेने दाखवलेले हेच तत्त्व. पण त्या वेढ्यांना वरची तार कोणती आणि ट्यूबलाइटची चोक कोणती, हे कुठे कळते? जे थरथरते ते सगळे ती ऐकतात. यावर गिटारवाल्यांनी १९५५ च्या सुमारास मोठा सुंदर तोड काढला. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर नावाच्या इंजिनिअरने दोन कॉइल शेजारी ठेवल्या, त्यांचे वेढे आणि चुंबक एकमेकांच्या उलट. बाहेरची घूं दोन्हींत विरुद्ध येऊन एकमेकींना खाते, तारेचा स्वर मात्र दोन्हींत एकाच बाजूने येऊन दुप्पट होतो. आमच्या बेंजोला हे वैभव नाही. त्याला उपाय म्हणजे चोक व ट्रान्सफॉर्मरपासून लांब बसणे, पिकअपभोवती तांब्याचा पत्रा लावून त्याला अर्थचा डाग देणे आणि साध्या वायरऐवजी जाळीची शील्ड वायर वापरणे. पत्र्याने व जाळीने चिरचिर अडते. चोकचे चुंबकत्व मात्र त्याने फारसे अडत नाही, तिथे जागा बदलणे हेच औषध.

"मग सभागृहात गिरणी कशी झाली?" मी विचारले.

"तुवं मशीन एका भिंतीच्या प्लगवर, त्याहीचा मिक्सर दुसऱ्या भिंतीच्या. दोघाईले आपापली अर्थ. वरून तू मधात वायर जोडली. झाला गोल." दोन ठिकाणच्या जमिनीत अगदी थोडा विद्युतदाबाचा फरक असतो. वायरच्या जाळीने दोन्ही जमिनी जोडल्या की त्या जाळीतूनच वीज फिरू लागते आणि ती स्वरांबरोबर घुमते. पिन तोडल्यावर तो गोल तुटला, म्हणून गिरणी थांबली. पण गोल तोडण्याची योग्य जागा ती नव्हती. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर लावायची, किंवा मधल्या आवाजाच्या वायरीत लहान आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालायचा. विजेच्या तिसऱ्या पिनेला हात लावायचा नाही.

शेवटी काकाजींनी मशीनचा मोठा ट्रान्सफॉर्मर मीटरने तपासला आणि मान हलवली. त्याच्या आतल्या कागदाला ओल लागून तो थोडा थोडा गळत होता. थोडी वीज मशीनच्या पत्र्यावर येत होती. पत्र्यावरून वायरच्या जाळीत, जाळीतून बेंजोच्या तारांवर. किती महिन्यांपासून, कोण जाणे. पण तिसरी पिन होती तोवर ती गळती मुकाट्याने जमिनीत जात होती. सभागृहात पिन नसतानाही मिक्सरला जोडलेल्या जाळीतून तिला वाट मिळाली होती. घरी मी एकट्याने मशीन लावले तेव्हा तिला कोणतीच वाट उरली नाही. आबाजींचा ओला हात ही तिला सापडलेली पहिली वाट.

काकाजी म्हणाले नाहीत, पण मी पुढे वाचले, की ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी येथे 'स्टोन द क्रोज' या वाद्यवृंदाचा तरुण गिटारवादक लेस हार्वी अर्थ नसलेल्या माइकला हात लावताच श्रोत्यांसमोर कोसळून मरण पावला. ते वाचले त्या रात्री मला झोप आली नाही.

ट्रान्सफॉर्मर बदलला, कंडेन्सर बदलला, बटणे नवी बसवली. काकाजींनी घरच्या अर्थिंगचीही चौकशी केली. आमचा मीठ-कोळशाचा खड्डा न्हाणीच्या पाण्याजवळ असल्याने ओला राहतो हे ऐकून ते समाधानाने म्हणाले, "उन्हाळ्यात त्यात दोन बकेटा पाणी टाकत जाय. आपल्याइकडची जमीन तापली का अर्थिंगले काही अर्थ राहात नाही."

घरी येऊन मी मशीन लावले. शांतता. इतकी शांतता त्या मशीनमधून कधीच आली नव्हती. मी पेटी पुढे ओढली आणि पहिल्यांदाच बेंजोच्या तारा पेटीवरून लावू लागलो. आणि काय आश्चर्य! सगळ्याच तारा मला थोड्या थोड्या उतरवाव्या लागल्या. पेटीवाले काकाजी जन्मभर सांगत होते तेच खरे निघाले. बेंजो खरोखरच चढा होता.

हे असे का, याचा उलगडा आमच्या संगीताच्या मॅडमनी केला. घूं १०० आंदोलनांची. पेटीवर ती पांढरी पाचच्या किंचित वर येते. मंडळाचा सूर पांढरी एक. पांढरी एकचा पंचम कोणता? पांढरी पाच! म्हणजे आबाजी ज्याला तंबोरा म्हणत होते तो खरोखरच पंचम होता, फक्त थोडा चढा. १०० हा पंचम धरला तर त्याचा षड्ज वरच्या सप्तकात सुमारे १३३ आंदोलनांवर येतो; पेटीची पांढरी एक सुमारे १३१ वर. ही दोन-अडीच आंदोलने हाच दोन म्हाताऱ्यांचा जन्माचा वाद. आबाजींचा कान चुकत नव्हता. ते ज्याच्याशी बेंजो मिळवत होते त्याच्याशी तो अगदी चोख मिळालेला होता. आणि माझा मित्र काळी एकमध्ये गायला तेव्हा तीच घूं तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मधोमध कुठेतरी अधांतरी लोंबकळू लागली. त्याचा षड्ज विस्कटला तो त्यामुळे.

मी ज्या कानांची लाज बाळगली ते कान सभागृहातल्या आम्हा सगळ्यांपेक्षा शहाणे होते.

त्या संध्याकाळी आबाजींना ओसरीवर बसवले. आधी ती पितळी पिन त्यांच्या हातावर ठेवली आणि सगळे सांगितले. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "इतलुशी," एवढेच म्हणाले. मग मी सारे नीट तपासून, फरशी कोरडी करून, चटईवर बसवून, बेंजो त्यांच्या पुढे सरकवला. मला वाटले ते हात लावणार नाहीत. पण त्यांनी जराही न कचरता लावला. दोनचार स्वर वाजवले आणि थांबले. कान पुढे केला. मशीनकडे पाहिले.

"चालू हाये ना?"

"हो, आबाजी."

"मंग थो कोठी गेला?"

"कोण?"

"तंबोरा."

मी म्हणालो, "तो बिघाड होता आबाजी. काढला." ते "बरं झालं" म्हणाले खरे, पण त्यांनी खुंटीला हात घातला आणि तो तसाच ठेवला. कशाशी मिळवायचे हे त्यांना उमगेना. पाचदहा मिनिटे ते नुसतेच बसून राहिले. इतक्या वर्षांचा सोबती उठून गेल्यावर त्याच्या रिकाम्या जागेकडे पाहावे, तसे.

संमेलनात आमचा कार्यक्रम चांगला झाला. दोन्ही यंत्रे एका बोर्डावर होती, तिसरी पिन जागच्या जागी होती, आणि गाणाऱ्या मित्राने एकदाही गळा साफ केला नाही. टाळ्या पडल्या. पण मला जे लिहायचे होते ते टाळ्यांविषयी नव्हते. आपल्या घराघरांत काही ना काही घुमत असते. ते ऐकू नये म्हणून आपण घाईने एखादी पिन तोडतो आणि शांत झाले म्हणून खूश होतो. ती शांतता कोणाच्या अंगावर निघणार आहे, हे त्या वेळी आपल्याला दिसत नाही.

आता रोज संध्याकाळी मी मोबाइलवर तंबोरा लावून आबाजींच्या शेजारी ठेवतो. सूर पांढरी एक, पेटीबरोबर मिळवलेला. आबाजी ऐकतात, खुंटी पिळतात, मान डोलावतात. परवा मी फोन बंद करायला गेलो तर म्हणाले, "चांगला हाये हा तुवा तंबोरा. पण जरासा उतरलेला वाटते."

मी वाद घातला नाही. हळूच तो दोन आंदोलने चढवून दिला.